खुर्चीची खोळ

२५ डिसेंबर १७२२ पासून इंग्लंडमध्ये खुर्चीवर छापील सुती कापड घालणं बेकायदा ठरलं. ही गंमत नाही. ब्रिटिश संसदेनं १७२१ साली केलेल्या कायद्यात अंगावरच्या कपड्यांच्या जोडीला पलंग, खुर्ची, उशी, खिडकीचा पडदा अशी घरातल्या सामानाची नावं घेतली आहेत. यांपैकी कशासाठीही छापलेलं, रंगवलेलं सुती कापड वापरायचं नाही. असं कापड अंगावर घालून कुणी सापडलं तर पाच पौंड दंड.

एवढ्या मोठ्या देशाच्या संसदेला खुर्चीच्या खोळीची धास्ती का वाटावी?

कारण ते कापड आपल्याकडून जात होतं. इंग्रजीत त्याला ‘चिंट्झ’ म्हणतात. शब्द आला हिंदीतल्या ‘छींट’वरून, म्हणजे शिंतोडे, ठिपके. मराठीत तेच ‘चीट’. चिटाचा परकर, चिटाचं पोलकं असं आपल्या पणज्या म्हणायच्या, ते हेच. आणि कायद्यात आलेला ‘कॅलिको’ हा शब्द कालिकत बंदराच्या नावावरून पडलेला. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यातल्या एका खुर्चीवर बंदी आली, तेव्हा त्या बंदीचा मजकूरसुद्धा आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या शब्दांत लिहिलेला होता.

पण या गोष्टीत चीट जरा उशिरा येतं. आधी खोळ आली.

खोळ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? तंबोऱ्याला गवसणी, उशीला अभ्रा, गादीला खोळ. तिन्ही ठिकाणी हिशेब एकच आहे. आतली वस्तू मोलाची, बाहेरचं कापड साधं. बाहेरचं मळलं तर धुता येतं, फाटलं तर बदलता येतं. आतलं जपायचं.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात श्रीमंतांच्या खुर्च्यांचं असंच होतं. आज आपण खुर्चीची किंमत म्हणजे लाकडाची किंमत समजतो. तेव्हा उलट होतं. लाकूड आणि सुतारकाम त्यामानानं स्वस्त. खरा पैसा जायचा मढवण्यावर. रेशमी डमास्क, मखमल, जरीच्या किनारी, गोंडे. हातमागावर विणलेलं एक वार नक्षीदार रेशीम म्हणजे कुशल विणकराचे कित्येक दिवस. बारा खुर्च्यांचा संच मढवायचा तर सुताराच्या बिलापेक्षा कापडवाल्याचं बिल कितीतरी मोठं व्हायचं.

आणि हे रेशीम धुता येत नाही. उन्हानं त्याचा रंग उडतो, मेणबत्तीच्या मेणानं डाग पडतात, केसांच्या पावडरीनं ते मळतं. मग एवढे पैसे घालून मढवलेल्या खुर्चीवर बसायचं तरी कसं?

उत्तर सोपं होतं. बसायचंच नाही. म्हणजे, तिच्यावर खोळ घालायची आणि खोळीवर बसायचं.

त्यामुळे त्या काळच्या मोठ्या घरांमध्ये प्रत्येक किमती खुर्चीला मापानं शिवलेली एक साधी खोळ असायची. बहुधा तागाची किंवा सुताची, पांढरी आणि लाल, निळी किंवा हिरवी चौकडी असलेली. आपल्याकडच्या पंचाच्या किंवा लुंगीच्या कापडासारखी दिसणारी, असं म्हटलं तरी चालेल. थॉमस चिपेंडेल हा इंग्लंडमधला सर्वांत नावाजलेला खुर्च्या करणारा. १७५४ साली त्यानं आपल्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक छापलं होतं. त्याच्या दुकानातून खुर्च्यांबरोबर चौकडीच्या खोळीही जायच्या. वस्तूबरोबर तिचा बुरखाही त्याच बिलात.

खोळ काढायची की नाही, हे पाहुणा कोण आहे त्यावर ठरायचं. रोजच्या ओळखीतला असेल तर खोळीवर बसायचा. कुणी उमराव येणार असेल तर नोकर सकाळपासून खोळी उतरवायचे, घड्या घालून ठेवायचे आणि पाहुणा गेला की पुन्हा चढवायचे. मालक उन्हाळ्यात गावाकडच्या वाड्यावर गेले की शहरातलं अख्खं घर ‘हॉलंड’ नावाच्या साध्या तागाच्या कापडाखाली झाकलं जायचं. म्हणजे त्या घरांमधलं रेशीम खरोखर किती वेळा उजेडात यायचं याचा विचार केला तर हसू येतं. घरातल्या माणसांनी बहुतेक आयुष्य चौकड्याच पाहिल्या असणार.

यात नोकरांचा भाग फारसा कुणी लिहीत नाही. खोळ म्हणजे धुणं. गरम पाण्याचे हंडे, साबण, इस्त्री, आणि आटलेली खोळ पुन्हा त्याच खुर्चीवर ओढून बसवणं. रेशीम वाचत होतं ते कुणाच्या तरी मनगटांच्या जोरावर.

आता चीट.

युरोपाला कापड रंगवता येत नव्हतं असं नाही. लोकर आणि रेशीम ते उत्तम रंगवायचे. पण सुती आणि तागाचं कापड रंग धरायचं नाही. वर छापलेलं धुण्यात जायचं. आणि आपल्याकडे कोरोमंडल किनाऱ्यावर, गुजरातेत, सिंधमध्ये नेमकी हीच विद्या शेकडो वर्षं मुरलेली होती.

ती कशी, ते थोडं सांगायला हवं, कारण खुर्चीच्या खोळीचं पुढचं सगळं नशीब त्यात आहे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून तयार करायचं. मग ज्या जागी लाल हवा तिथे बांबूच्या लेखणीनं तुरटीचं पाणी भरायचं, जिथे काळं हवं तिथे लोखंडाचं. या वेळी कापडावर रंग असा दिसतच नाही. नंतर ते ‘चायवेर’ नावाच्या मुळांच्या काढ्यात उकळायचं. तुरटी जिथे आहे तिथेच लाल चढतो आणि धाग्याला कायमचा धरून बसतो. बाकीचं कापड शेणाच्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून पुन्हा पांढरं करायचं. निळ्यासाठी सगळ्या कापडावर मेण लावून फक्त निळी जागा उघडी ठेवायची आणि ते निळीच्या हौदात बुडवायचं. पुन्हा मेण काढायचं, पुन्हा धुवायचं. असे हप्ते-दोन हप्ते नव्हे, कित्येक आठवडे.

या सगळ्यातून निघालेलं कापड हलकं, मऊ, फुलापानांनी भरलेलं, आणि मुख्य म्हणजे धुता येणारं. रेशमाची शोभा आणि पंचाचा निर्लज्जपणा एकाच कापडात.

खोळीसाठी याहून चांगलं काय असणार? आजवर खोळ म्हणजे कुरूप पण उपयोगी आणि आतलं रेशीम म्हणजे सुंदर पण निरुपयोगी, अशी वाटणी होती. चिटानं ती मोडली. खोळच सुंदर असेल तर ती काढायची कशाला? आणि काढायचीच नसेल तर आत रेशीम तरी कशाला?

हा दुसरा प्रश्न लंडनच्या विणकरांच्या पोटावर आला.

डॅनियल डिफो (हो, रॉबिन्सन क्रूसोवालाच) यानं १७०८ साली आपल्या नियतकालिकात तक्रार केली, की हे हिंदुस्थानी कापड गुपचूप आमच्या घरात शिरलं, निजायच्या खोल्यांत पोचलं, आणि आता पडदे, उशा, खुर्च्या, पलंग सगळं त्याचंच. तोवर छापील हिंदुस्थानी कापडाची आयात इंग्लंडनं १७०० च्या कायद्यानं बंद केलेली होतीच. पण कोरं सुती कापड आणून लंडनमध्ये छापायला मनाई नव्हती, आणि चोरटी आयात वेगळीच. फ्रान्सनं तर १६८६ सालीच बंदी घातली होती. ती १७५९ पर्यंत टिकली.

१७१९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले. चिटाचे कपडे घातलेल्या बायका दिसल्या की त्यांच्या अंगावरचं कापड फाडायचे, त्यावर शाई किंवा तेजाब फेकायचे. हे वाचताना आपलं मन सहज हिंदुस्थानी कारागिराच्या बाजूला जातं, पण थोडं थांबायला हवं. हे विणकर गिरणीमालक नव्हते. घरच्या मागावर पोट भरणारी, कर्जात बुडालेली माणसं होती, त्यांतली बरीच फ्रान्समधून धर्मासाठी पळून आलेल्यांची मुलंबाळं. त्यांचा राग खरा होता. मात्र तो निघाला कुणावर? आयात करणाऱ्या कंपनीवर नाही, रस्त्यानं जाणाऱ्या मोलकरणीवर. कारण चीट स्वस्त झालं होतं आणि मोलकरणीलाही परवडत होतं. मालकीण आणि मोलकरीण एकाच कापडात दिसतात, ही त्या काळच्या पत्रकांमधली एक ठरलेली तक्रार आहे. संसदेनं या दंग्यांनंतर जो कायदा केला, तो आपण सुरुवातीला पाहिला.

कायदा किती पाळला गेला? सगळ्या बंद्या पाळल्या जातात तितकाच. पाच दशकांनंतरची एक गोष्ट आहे. डेव्हिड गॅरिक हा इंग्लंडचा सर्वांत मोठा नट. कलकत्त्यातल्या इंग्रज व्यापाऱ्यांना नाटकगृह उभारायला त्यानं मदत केली, त्याची परतफेड म्हणून त्यांनी त्याच्या बायकोला पलंगाचे पडदे आणि चादरी होतील असं कोरोमंडलचं चीट भेट पाठवलं. जकातवाल्यांनी ते जप्त केलं. १७७५ साली गॅरिकनं सरकारी खजिन्याच्या सचिवाला विनवणीचं पत्र लिहिलं. त्यात एक बारीक तपशील आहे: बायकोनं या कापडाशी जुळणारा भिंतीचा कागद आणि खुर्च्या आधीच तयार करून ठेवल्या आहेत. म्हणजे कापड येण्याआधी खोली त्याच्या स्वागताला सजून बसलेली, आणि कापड जकात गोदामात. त्यातलं काही शेवटी परत मिळालं असावं, कारण गॅरिक पतिपत्नीचा तो पलंग आणि त्याचं चीट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पलंग चिपेंडेलच्या दुकानचाच.

या पत्राच्या आदल्या वर्षी, १७७४ साली, संसदेनं छापील सुती कापडावरची बंदी उठवली होती. पण फक्त इंग्लंडात विणलेल्या कापडापुरती. रिचर्ड आर्कराइटच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रानं ताण्याला पुरेल एवढं मजबूत सूत निघायला लागलं होतं, आणि त्यानं स्वतःच संसदेकडे खटपट केली होती. १७८३ साली थॉमस बेलनं नक्षी कोरलेल्या तांब्याच्या रुळानं कापड छापायचं पेटंट घेतलं. बांबूच्या लेखणीनं आठवडे लागत होते तिथे आता कापडाची नदी वाहायला लागली. कोरोमंडलच्या चितारी आणि रंगाऱ्यांनी जगाला शिकवलेली विद्या त्यांच्याशिवाय चालायला लागली, आणि थोड्याच वर्षांत विलायती चिटाची ठाणं उलट आपल्याच बाजारात उतरली. आपल्या पणज्यांच्या पोलक्यांपैकी किती चिटं मँचेस्टरची होती, हा प्रश्न मी मुद्दाम इथेच सोडतो.

कारण खुर्चीकडे परत जायचं आहे. चीट स्वस्त झाल्यावर खुर्चीचं काय झालं?

ती उलटी झाली. म्हणजे खोळ आणि खुर्ची यांचं नातं उलटं झालं.

१८६९ साली अमेरिकेत ‘द अमेरिकन वूमन्स होम’ नावाचं पुस्तक निघालं. लेखिका दोन बहिणी: कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो. धाकटी म्हणजे ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी. थोडक्या पैशांत घर कसं सजवायचं, यावर यात एक प्रकरण आहे. त्यांचा सल्ला असा, की माळ्यावर मोडकी आरामखुर्ची पडली असेल तर खाली आणा. खिळखिळी झाली असेल तिथे खिळा ठोका. गवताचा, कापसाचा भराव घालून लांब सुईनं तो शिवून घ्या, आणि बाकीच्या सामानाला लावलेल्या चिटाचीच खोळ तिच्यावर चढवा. झाली नवी आरामखुर्ची. साध्या फळ्यांची चौकट ठोकून, वर गादी आणि चीट घालून बैठक करायची कृतीही त्यांनी दिली आहे. त्या काळच्या इतर अमेरिकी पुस्तकांत तर पिठाचं रिकामं पिंप अर्ध्यातून कापून त्याची खुर्ची करायची युक्ती सापडते. पिंप म्हणजे पिंपच. खोळ काढली तर आत फळ्या आणि लोखंडी कडी.

चिपेंडेलच्या खोळीखाली रेशीम होतं. बीचर बहिणींच्या खोळीखाली मोडकं लाकूड आहे. एक खोळ किमती वस्तू लपवत होती, दुसरी किंमत नसलेली. आणि दिसायला दोन्ही खुर्च्या सारख्याच. खोळ घातलेली खुर्ची पाहून आत काय आहे ते पाहुण्याला सांगता येत नाही, हीच तर तिची सोय.

मला बीचर बहिणींची खोळ जास्त आवडते, हे कबूल करून टाकतो. तिच्यात एक ताठपणा आहे. आमच्याकडे पैसा नाही, पण नजर आहे आणि हातात सुई आहे, असं ती म्हणते. अर्थात त्या सुईमागे गृहीत धरलेली फुकटची दुपार घरच्या बाईचीच आहे. पुस्तकात चिटाची आणि सामानाची किंमत डॉलर-सेंटमध्ये मोजली आहे, शिवणीची नाही.

शिवायची कशी, ते मात्र चिपेंडेलपासून आजपर्यंत फारसं बदललेलं नाही. कुणाकडे भाड्याच्या खोलीत आधीच्या भाडेकरूनं सोडून गेलेली खुर्ची असेल तर हा परिच्छेद नीट वाचावा. आधी कापड धुऊन, वाळवून, आटवून घ्यायचं. शिवल्यावर आटलं तर खोळ खुर्चीवर चढत नाही. मग कागदावर मापं काढण्याच्या भानगडीत न पडता कापड थेट खुर्चीवर टाकायचं, उलटी बाजू वर करून. पाठीच्या आतल्या बाजूपासून सुरुवात. कापडाचा उभा धागा खुर्चीच्या पाठीला सरळ यायला हवा, नाहीतर खोळ कायम मान वाकडी करून बसल्यासारखी दिसते. मग बैठक, मग हात, शेवटी पाठीची मागची बाजू. प्रत्येक तुकडा शेजारच्याला टाचण्यांनी जोडत जायचं आणि टाचण्यांच्या बाहेर बोटभर माया सोडून कापायचं. पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या खाचेत मात्र चांगली वीतभर माया हवी. ती आत खोचायची असते. माणूस बसला की बैठक दबते आणि कापड ओढलं जातं. तिथे माया नसेल तर पहिल्याच आठवड्यात शिवण उसवते.

शिवणकामात जास्तीच्या कापडाला ‘माया’ म्हणणाऱ्या भाषेबद्दल काय बोलावं!

कडांना उरेब कापलेल्या पट्टीत दोरी घालून पायपिंग करतात. ते शोभेसाठी असतं असं वाटतं, पण झिजायची वेळ येते तेव्हा आधी ते झिजतं, खोळ नाही. मागच्या बाजूला चढवण्यापुरतं उघडं ठेवून बंद, हूक किंवा चेन. सिंगरचं शिवणयंत्र १८५१ साली आलं आणि लांब टिपा मारायचं काम घटकाभराचं झालं. पण टाचण्या लावणं, खुर्चीभोवती गुडघ्यांवर फिरणं, हे हातानंच राहिलं. कारण दोन खुर्च्या कधीच तंतोतंत एका मापाच्या नसतात. निदान नसायच्या.

कापड कमी पडतं तेव्हा काय होतं, याचा एक धडा दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये आहे. १९४१ साली तिथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. फाटकं नीट करून वापरा, असं सांगणारी सरकारी पुस्तिका १९४३ साली निघाली. त्याच वर्षी ‘युटिलिटी’ फर्निचर आलं: सरकारनं आराखडे ठरवून दिलेलं, साधं, मजबूत. ते मढवायचं कापड काढायचं काम एनिड मार्क्स या नक्षीकार बाईंकडे आलं. सूत मोजकं, रंग मोजके. त्यांनी नक्षी जाणूनबुजून बारीक ठेवली. कारण मोठं फूल असेल तर ते पाठीच्या बरोबर मध्यावर यायला हवं, शेजारच्या तुकड्याशी जुळायला हवं, आणि त्या जुळवाजुळवीत कापड वाया जातं. बारीक नक्षी कुठूनही कापा, चिंधीसुद्धा कामाला येते. कोरोमंडलच्या मोठ्या फुलांच्या चिटाला बाजारात मान होता, पण खुर्ची मढवणाऱ्याचा त्यात किती फडशा पडायचा, हे एनिड मार्क्स यांच्या बारक्या चांदण्या आणि पट्ट्या पाहिल्यावर कळतं.

चिटाचं पुढे जे झालं ते जरा वाईटच. ज्या कापडासाठी दंगे झाले, त्याच्या नावावरून इंग्रजीत ‘चिंट्झी’ हे विशेषण तयार झालं. त्याचा आजचा अर्थ भडक, हलक्या प्रतीचं, कंजूष. गोष्ट सर्वांना परवडली की तिच्यावर नाक मुरडायला शब्द लागतोच. १९९६ साली आयकिया या स्वीडिश कंपनीनं ब्रिटनमध्ये टीव्हीवर जाहिरात केली: बायका आपापल्या घरातली फुलाफुलांची चिटं उचकटून कचऱ्यात टाकतात. जाहिरात गाजली. आणि याच कंपनीच्या दुकानात तेव्हाही, आजही, काढता-घालता येणाऱ्या खोळीचे सोफे आहेत. बदलायची ती खोळ. आतला सांगाडा तोच. फुलं गेली, युक्ती राहिली.

आपल्याकडच्या घरात ही युक्ती वेगळ्या वाटेनं आली. विलायतेत एकोणिसाव्या शतकात पुरुष डोक्याला ‘मकासर’ तेल चोपडायचे, त्याचे डाग खुर्चीच्या पाठीवर पडू नयेत म्हणून वर एक लहानसं कापड टाकायची पद्धत पडली. त्या कापडाचं इंग्रजी नावच मुळी मकासर-विरोधी असं आहे. आपल्याकडे खोबरेल तेल होतंच. त्यामुळे क्रोशानं विणलेले रुमाल सोफ्याच्या पाठीवर आले, आणि एकदा क्रोशा हातात आल्यावर रेडिओ, टीव्ही, पाण्याचा माठ, काहीच सुटलं नाही. दुसरी वाट कचेरीतली. साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. कारकुनाच्या खुर्चीवर नाही. घाम कारकुनालाही येतो. टॉवेल घामासाठी असता तर तो आधी त्याच्या खुर्चीवर गेला असता.

पण बीचर बहिणींच्या खोळीचा खरा वारस बघायचा तर मंगल कार्यालयात जावं लागतं.

एका साच्यातून एका झटक्यात निघणारी प्लॅस्टिकची खुर्ची, जिला मोनोब्लॉक म्हणतात, तिचा सर्वांत यशस्वी नमुना १९७२ साली फ्रान्समध्ये हेन्री मासोने यानं काढला. दोन मिनिटांच्या आत एक खुर्ची. पुढे हीच घडण जगभर गेली आणि जगात सर्वांत जास्त आढळणारी खुर्ची बहुधा हीच झाली. हलकी, एकावर एक रचता येणारी, पावसात भिजली तरी काही न होणारी. आणि म्हणून तुच्छ. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरानं तर काही वर्षं सार्वजनिक जागांत तिला बंदीच घातली होती, शहराची शोभा जाते म्हणून. गंमत अशी, की ती बंदी उठली त्याच २०१७ साली त्याच शहराच्या वेशीवरच्या, जर्मनीतल्या व्हिट्रा संग्रहालयानं या खुर्चीचं प्रदर्शन भरवलं. दोनशे नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी बंदी खोळीवर होती. या वेळी खुर्चीवर आली.

आपल्याकडे बंदी कोण घालणार? आपण तिला कपडे घातले. सॅटिनची पांढरी किंवा मोतिया खोळ, मागे सोनेरी किंवा राणी रंगाच्या पट्टीचा मोठा फुगा. अलीकडे ताणली जाणारी स्पॅन्डेक्सची खोळ. हा धागा १९५८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यानं शोधला, आणि त्यानं खोळ शिवण्यातला सगळा प्रश्नच मिटवला. टाचण्या नकोत, उभा धागा नको, वीतभर माया नको. कापड स्वतःच खुर्चीचा आकार घेतं. ऑनलाइन मिळणाऱ्या सोफा कव्हरांचंही तेच. खुर्च्याही आता खरोखर एका मापाच्या आहेत, कारण त्या एकाच साच्यातून निघाल्या आहेत.

यावर बसायला बरं वाटतं असं कुणी म्हणणार नाही. मे महिन्याच्या लग्नात पॉलिएस्टर पाठीला चिकटतं, सॅटिनवरून रेशमी साडी घसरते, आणि लहान मुलं मागच्या ओळीत बसून पुढच्यांचे फुगे सोडत असतात. चिटाचा मऊपणा नाही, सुताचा गारवा नाही. कोरोमंडलच्या रंगाऱ्यानं हे कापड हातात घेऊन बहुधा एवढंच विचारलं असतं की हे घाम कुठे पितं. पण खोळ इथे बसण्यासाठी नाहीच. ती आहे फोटोसाठी, आणि त्या पाचशे खुर्च्या प्लॅस्टिकच्या नाहीत असं दोन्हीकडच्या मंडळींनी चार तास मानून घ्यावं यासाठी. मुलीच्या वडिलांनी त्या मानण्याचे दर खुर्चीमागे वेगळे पैसे भरलेले असतात. डेकोरेशनवाल्याच्या बिलात खुर्ची आणि कव्हर अशा दोन ओळी असतात. चिपेंडेलच्या बिलासारख्याच.

रात्री अकराच्या सुमारास शेवटची पंगत उठली की डेकोरेशनवाल्याची पोरं कामाला लागतात. एक पुढून खोळी ओढत जातो, दुसरा मागून खुर्च्या रचत जातो. खोळींची गाठोडी बांधून धुवायला जातात. हळदीचे, आमटीचे, मेंदीचे डाग, आणि सकाळच्या मुहूर्तासाठी त्या पुन्हा पांढऱ्या हव्या असतात. खुर्च्या टेम्पोत चढतात. उद्या त्या एखाद्या सभेला जातील, किंवा कुणाच्या तरी दारात दहाव्याला. तिथे खोळ नसते, त्यामुळे पाठीवर मागच्या बाजूनं रंगानं लिहिलेलं डेकोरेशनवाल्याचं नाव आणि मोबाइल नंबर स्पष्ट वाचता येतो.